उद्योजकतेचा पेपर पहिल्यांदाच शिकवायला मिळालाय? मग कुठून सुरू करायचं ते सांगते

जूनमध्ये वर्कलोड वाटप होतं आणि उद्योजकता विकास हा पेपर बहुतेक ठिकाणी स्टाफरूममधल्या सगळ्यात नव्या माणसाकडे येतो, कारण सिनियर लोकांनी कॉस्टिंग, ऑडिट, टॅक्स आधीच धरून ठेवलेलं असतं. माझ्याकडेही तसाच आला. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं कॉलेज, बी.कॉम.चा वर्ग, साठ मुलं. पहिल्या वर्षी मी उद्योजकाची व्याख्या, उद्योजकाचे गुण, उद्योजकाचे प्रकार असं सगळं फळ्यावर लिहून दिलं, मुलांनी पाठ केलं, निकालही चांगला लागला. निकालानंतर एक मुलगी भेटायला आली आणि म्हणाली, मॅडम, आई पापड करून विकणार म्हणतेय, दर किती लावू? तिला त्या पेपरात वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते आणि तिला दर काढता येत नव्हता, आणि मलाही तिथल्या तिथे नीट सांगता आलं नाही. ते मला फार लागलं.

त्यानंतर मी हा पेपर वेगळ्या पद्धतीनं शिकवायला लागले. नव्याने शिकवणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून क्रमाने लिहितेय. मूळ मुद्दा एकच आहे, पहिल्या महिन्याच्या आत प्रत्येक मुलाने एका तरी अनोळखी माणसाला काहीतरी विकून पैसे घेतलेले असले पाहिजेत. बिझनेस मॉडेल कॅनव्हास (अख्खा व्यवसाय एका कागदावर मांडायचा तक्ता), बिझनेस प्लॅन, सरकारी योजना हे सगळं त्याच्यानंतर.

सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी

सिलॅबस हातात घ्या आणि कुठलं युनिट कुठल्या कामातून आपोआप शिकवून होईल ते पेन्सिलीने शेजारी लिहा. खर्च, किंमत, बाजारपेठ, भांडवल ही युनिटं मुलांनी विक्री केल्यावर अर्ध्या वेळात होतात, म्हणजे सिलॅबस राहील ही भीती सोडून द्या. टाइमटेबल बनवणाऱ्या सरांना आत्ताच गाठून आठवड्यातून एकदा सलग दोन तास मागून घ्या, तुकड्या तुकड्यांच्या तासात मुलं गेटच्या बाहेरसुद्धा पोचत नाहीत. प्राचार्यांची परवानगी लेखी घ्या, कारण मुलं बाजारात दिसली की कोणीतरी फोन करणारच.

आणि एक काम स्वतः करा. सुट्टीत काहीतरी विका. मी एका ओळखीच्या बचत गटाच्या कापडी पिशव्या घेऊन आठवडी बाजारात दोन तास बसले होते. पहिला पाऊण तास भवानीच झाली नाही. माणसं पिशवी उलटून बघत होती, दर विचारत होती आणि पुढे जात होती. त्या पाऊण तासात काय वाटतं ते तुम्हाला माहीत असेल तर वर्गातल्या लाजाळू पोराशी तुम्ही वेगळं बोलता, एवढं मी खात्रीने सांगते.

पहिला तास: व्याख्या नको

पहिल्या तासाला मी फक्त एक विचारते, घरी कोण काय विकतं? सुरुवातीला सगळे गप्प असतात, कारण मुलांच्या डोक्यात धंदा म्हणजे मोठी कंपनी, टीव्हीवरचा कोट घातलेला माणूस. मग एकजण म्हणतो आमची द्राक्षं आहेत, बेदाणा करतो. मग दूध डेअरीला घालणारे निघतात, कोणाची आई ब्लाउज शिवते, कोणाच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान, कोणाच्या काकांची वडापची म्हणजे प्रवासी वाहतुकीची गाडी. फळा भरतो. साठातली चाळीस-पंचेचाळीस घरं काही ना काही विकत असतात आणि पोरांना ते कधी मोजावंसंच वाटलेलं नसतं.

मग घरचा अभ्यास द्यायचा: घरी जाऊन तीनच प्रश्न विचारून या. भांडवल कुठून आणलं, उधारी किती अडकलीय, आणि सगळ्यात वाईट महिना कुठला. पुढच्या तासाला मुलं जे घेऊन येतात ते कुठल्याच पुस्तकात नाही. एका मुलाला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कळलं की घरच्या किराणा दुकानाची उधारी दुकानातल्या मालापेक्षा जास्त आहे.

याच तासाला दोन वाक्यं हमखास येतात, धंदा रक्तात असावा लागतो आणि मराठी माणसाला धंदा जमत नाही. दोन्ही वाक्यं पोरांनी घरी ऐकलेली असतात त्यामुळे रागवू नका, पण सोडूही नका. रक्ताच्या मुद्द्यावर मी काकीनाडाची गोष्ट सांगते. १९६४ च्या सुमारास हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेबरोबर आंध्रातल्या काकीनाडा गावच्या छोट्या व्यावसायिकांना थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं, भर होता स्वतःसमोर ध्येय ठेवण्यावर आणि झेपेल तेवढी जोखीम घेण्यावर. नंतर तपासलं तर प्रशिक्षण घेतलेली माणसं न घेतलेल्यांपेक्षा व्यवसायात जास्त हालचाल करताना दिसली. म्हणजे ही गोष्ट शिकवता येते, आणि ते आपल्याच देशात तपासलं गेलंय.

दुसऱ्या वाक्याचं उत्तर आमच्यापासून एका रेल्वे स्टेशनाएवढं जवळ आहे, किर्लोस्करवाडी. त्याबद्दल पुढे लिहिते, कारण ती गोष्ट गिऱ्हाइकाच्या तासाला जास्त कामाला येते.

शंभर रुपये आणि दोन तास

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, त्यामुळे सविस्तर सांगते. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात टीना सीलिग या प्राध्यापिका त्यांच्या विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटाला पाकिटात पाच डॉलर द्यायच्या. विचार करायला हवे तेवढे दिवस, पण पाकीट उघडलं की कमवायला दोन तास, आणि नंतर वर्गासमोर तीन मिनिटांत सांगायचं काय केलंत. ज्यांनी सगळ्यात जास्त कमावलं त्यांनी ते पाच डॉलर वापरलेच नाहीत. एका गटाने तर आपली ती तीन मिनिटंच विकली, ज्या कंपनीला स्टॅनफर्डची मुलं नोकरीला हवी होती तिला, ६५० डॉलरला. मी हे मुलांना आधी सांगत नाही, करून झाल्यावर सांगते, आधी सांगितलं की सगळे त्याचीच कॉपी करतात.

आपल्याकडे करायचं असेल तर चार-चारचे गट करा, साठ मुलांचे पंधरा गट, गटाला शंभर रुपये. म्हणजे दीड हजार रुपये लागतात, ते विभागाकडून मिळाले तर बरं, नाहीतर दोन-तीन शिक्षकांनी मिळून घाला, मुलांकडून मात्र काढू नका. शंभर रुपये काही मुलांसाठी दोन दिवसांचा प्रवासखर्च असतो आणि पैसे बुडाले तर काय या भीतीत ती मुलं काही करूनच बघत नाहीत. शंभर परत येतील ते वर्गाच्या डब्यात, वरचे गटाचे.

नियम मी फळ्यावर लिहिते आणि वहीतही लिहून घ्यायला लावते. नातेवाईक, मित्र, कॉलेजमधले शिक्षक यांना विकायचं नाही. देणगी मागायची नाही. खोटं सांगून विकायचं नाही, गरीब विद्यार्थी आहोत घ्या ना, हेसुद्धा चालणार नाही. नेटवर्क मार्केटिंग अजिबात नाही, हे मी खूप मोठ्या आवाजात सांगते कारण दरवर्षी वर्गात एक-दोन मुलं कोणाच्या तरी खाली जोडली गेलेली असतात आणि त्यांना तोच धंदा वाटतो. ज्या साखळीत मालापेक्षा माणसं जोडण्याचे पैसे मिळतात ती वर्गाच्या बाहेर. ट्रेडिंग ॲप आणि बेटिंग ॲपचंही तेच. आणि खायचा पदार्थ स्वतः बनवून विकायचा असेल तर आधी मला भेटायचं, अन्न नोंदणी लागते, म्हणून ज्या बचत गटाकडे ती आहे त्यांच्या स्टॉलवर उभं राहून कमिशनवर विकायला मी सांगते. मुलींचे गट दिवसाउजेडी, घरी फोन करून सांगितल्यानंतर.

हे पहिल्यांदा केलं त्या वर्षी पंधरापैकी दहा गटांनी पेन घेऊन पेन विकले. ठीक आहे, होऊ द्या. पण दोन गट आठवणीत राहिले. एका गटाने आठवडी बाजारात मोबाईलवरून सातबारा आणि लाईट बिल काढून द्यायला सुरुवात केली, शंभर रुपये खिशातच. दुसऱ्या गटाने एसटी स्टँडवर पावसाळ्यात छत्री दुरुस्त करणाऱ्या बाबांना गाठलं, गल्लोगल्ली फिरून मोडक्या छत्र्या गोळा करून त्यांना आणून दिल्या आणि छत्रीमागे दहा रुपये घेतले. बाबांचं त्या दिवसाचं काम तिप्पट झालं. चार पोरांपैकी कोणालाच छत्री दुरुस्त करता येत नव्हती, हे वर्गाला दाखवून द्या, कारण माझ्याकडे स्किल नाही मग मी काय करू हे वाक्य तिथे संपतं.

ज्यांची काहीच विक्री झाली नाही त्यांना सगळ्यात जास्त वेळ द्या. कुठे उभे होतात, किती जणांशी बोललात, काय म्हणाले. बहुतेक वेळा उत्तर येतं, मॅडम आम्ही बोललोच नाही, नुसते उभे होतो. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठवायचं. मार्क कापायचे नाहीत.

गिऱ्हाइकाशी बोलायला शिकवणं

दुकानदाराच्या घरातल्या पोरांना हे येतं, बाकीच्यांना शिकवावं लागतं. नवी मुलं विचारतात, आम्ही असं असं आणणार आहोत, तुम्ही घ्याल का? समोरचा भला माणूस असतो, पोरांचं मन कशाला मोडा म्हणून हो म्हणतो. साठ जण हो म्हणाले असं लिहून आणतात आणि विकायला गेल्यावर साठातले दोन घेतात. म्हणून माझ्या वर्गात घ्याल का हा प्रश्नच बंद आहे. त्याऐवजी: ही वस्तू शेवटची कधी घेतलीत, कुठून, कितीला, घेताना काय त्रास झाला, नाही मिळाली तेव्हा काय केलंत. पुढचं विचारायचं नाही, मागचं विचारायचं, माणूस झालेल्या गोष्टीबद्दल सहसा खरं सांगतो. उत्तर आल्यावर गप्प बसायचं, तीन-चार सेकंद, मग माणूस खरं ते बोलतो. वर्गात जोड्या लावून याची प्रॅक्टिस घ्या, एक तास पुरतो.

अमेरिकेत स्टीव्ह ब्लँक यांनी २०११ मध्ये स्टॅनफर्डला याच धर्तीवर कोर्स सुरू केला, मुलांनी दर आठवड्याला इमारतीच्या बाहेर जाऊन गिऱ्हाइकांना भेटायचंच. तिकडे आठवड्याला दहा मुलाखतींची अपेक्षा असते, मी सेमिस्टरमध्ये गटाला वीस सांगते, बसच्या वेळा आणि घरची कामं सांभाळून तेवढ्या नीट होतात.

आता किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात शिक्षक, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे, बढती डावलली गेली आणि नोकरी सोडली. बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या माळावर कारखाना आणि गाव वसवलं. पण मी पोरांना थांबवते ते नांगरापाशी. नांगर चांगला होता, तरी पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली, कारण लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटायचं. इथे पुस्तक बंद करून विचारा, तुम्ही त्या जागी असता तर कोणाकडे गेला असता, काय दाखवलं असतं, नांगर विकत दिला असता की आधी एका पट्टीत चालवून दाखवला असता? अर्धा तास कसा जातो कळत नाही. मागे बसणारी शेतकऱ्यांची पोरं या तासाला पुढे येतात, मला हा तास सगळ्यात आवडतो.

वही

मी लॅपटॉप, एक्सेल वगैरे सुरुवातीला काढत नाही. दोनशे पानी वही, डावीकडे आले, उजवीकडे गेले, रोज. उधारी वेगळ्या पानावर, नाव आणि तारखेसकट. यूपीआयने आलेले पैसे वेगळ्या रंगाने, कारण मुलांचा पॉकेटमनी आणि विक्री एकाच खात्यात मिसळते आणि मग फायदा कितीचा ते कोणालाच सांगता येत नाही.

दिवाळीच्या आधी पणत्यांचं एक उदाहरण मी फळ्यावर सोडवते, तुम्ही आकडे तुमच्या गावचे घाला. समजा कुंभाराकडून पणती तीन रुपयाला, डझनाचे ३६. रंग सहा रुपये, खोका आठ रुपये. एक खोका ५० ला पडला, ७० ला विकायचा, सुटतात २०. पोरं लगेच म्हणतात वा, चाळीस टक्के. मग मी टेम्पोभाडं आणि बाजारातली जागा मिळून १५० लिहिते. दहा खोके विकले तर २०० सुटले, त्यातून १५० गेले, राहिले ५०. चार जणांत साडेबारा रुपये, दोन संध्याकाळी रंगवण्यात घालवून. वर्ग एकदम शांत होतो. आता चाळीस खोके करा, ८०० वजा १५०, साडेसहाशे. म्हणजे जास्त करावं? मग पुढचा प्रश्न, चाळीसातले पंधरा उरले तर? पंचवीस खोक्यांचे ५००, त्यातून १५० गेले, राहिले ३५०, आणि उरलेल्या पंधरा खोक्यांत अडकलेले ७५०. चारशे रुपये तोटा, आणि लक्ष्मीपूजनानंतर पणतीला कोणी विचारत नाही. ब्रेक ईव्हन, म्हणजे किती विकलं की खर्च भरून निघतो, हा शब्द मी यानंतर फळ्यावर लिहिते. आठ खोके. मुलांनी तो आकडा माझ्या आधी काढलेला असतो.

इथेच आणखी एक गोष्ट शिकवता येते. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या सरस सरस्वती यांनी २७ अनुभवी उद्योजकांना एक काल्पनिक व्यवसाय देऊन ते निर्णय कसे घेतात ते मोठ्याने बोलून दाखवायला सांगितलं होतं. त्यातून दिसलं की ही माणसं किती मिळेल यापासून सुरुवात करत नाहीत, हातात काय आहे आणि किती गेलं तर झेपेल यापासून करतात. मी प्रत्येक गटाला वहीच्या पहिल्या पानावर एक आकडा लिहायला लावते, एवढे गेले तर चालतील. त्या आकड्याच्या पुढे गेलात तर थांबायचं आणि मला भेटायचं.

पाहुणे

मोटिव्हेशनल स्पीकर बोलावू नका. दोन तास टाळ्या वाजतात, सेल्फी निघतात आणि सोमवारी वर्गात काही उरत नाही. त्याऐवजी गावातला हार्डवेअरवाला बोलावा, नर्सरीवाली ताई बोलावा, आणि आधी भेटून विनंती करा की भाषण नको, मुलं प्रश्न विचारतील. पहिला प्रश्न ठरलेला, कधी बंद करावं वाटलं? एका पोल्ट्रीवाल्या दादांनी वर्गात सांगितलं होतं की २०२० मध्ये कोरोनाच्या अफवेने कोंबडी कोणी घेईना तेव्हा त्यांनी पक्षी फुकट वाटले. मुलं नंतर कितीतरी दिवस त्यावर बोलत होती.

मार्क कशाला द्यायचे

नफ्याला नाही, हे पक्कं. नफ्याला मार्क दिले की मुलं वडिलांकडून पैसे घेऊन विक्री दाखवतात, मी बघितलंय. अंतर्गत मार्कांचे साधारण अर्धे वहीला द्या, रोजची नोंद आहे का, बेरीज जुळते का. पाव भाग मुलाखतींच्या नोंदींना. उरलेले शेवटच्या तोंडी परीक्षेला, जिथे मी वहीतलं कुठलंही पान उघडून विचारते, या दिवशी काय झालं? ज्याने काम केलंय तो सांगतोच, अडखळत का होईना. तोट्यात गेलेल्या पण हिशेब चोख ठेवलेल्या गटाला पैकीच्या पैकी द्यायला कचरू नका, आणि ते सगळ्यांसमोर सांगा.

योजना आणि कागदपत्रं, शेवटी

मुद्दाम शेवटी. सुरुवातीलाच योजना सांगितल्या तर मुलांच्या तोंडी सबसिडी किती एवढंच राहतं. ज्या एक-दोन गटांना पुढे चालू ठेवायचंय त्यांना नीट बसवून सांगा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, १ जुलै २०२० पासून आहे, ऑनलाइन आहे आणि पूर्ण मोफत आहे, सायबर कॅफेवाला नोंदणीचीच सरकारी फी म्हणून पैसे मागत असेल तर तशी फीच नाही. मुद्रा योजना २०१५ ची, शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत कर्ज. हे कर्ज आहे, फेडायचं असतं, हे दोनदा सांगा. मुलांना एकदा तरी जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः घेऊन जा, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती तिथे मिळते, आणि सरकारी ऑफिसच्या पायऱ्या चढायची भीती एकदा गेली की गेली. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची प्रशिक्षणंही बघून ठेवा. तुमच्या कॉलेजात कोणी म्हणालं की शिकताना धंदा कशाला, तर केंद्र सरकारचं २०१९ चं नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण दाखवा, विद्यार्थ्यांना शिकता शिकता व्यवसाय सुरू करायला संस्थेनं वाव द्यावा असंच त्यात म्हटलंय.

कॅनव्हासचा नऊ चौकोनांचा कागद मी इथे भरायला देते. तोपर्यंत मुलांकडे गिऱ्हाईक, खर्च, माल कुठून येतो हे सगळं खरं असतं त्यामुळे तासाभरात भरून होतो. पहिल्याच महिन्यात दिला तर मुलं नेटवरून उतरवतात.

पालकांचं काय

काही घरातून फोन येतात, आम्ही पोरगी शिकायला पाठवलीय, बाजारात बसायला नाही. वाद घालू नका. मी पालकांना शेवटच्या हिशेब दिवसाला बोलावते. त्या दिवशी प्रत्येक गट वही उघडून उभा राहतो, उधारी वसूल झालेली आणि न झालेली दोन्ही सांगतो, वर्गाच्या डब्यातले शंभर शंभर परत मोजले जातात. एका मुलीचे वडील, ज्यांनी सुरुवातीला फोन केला होता, तिची वही पंधरा मिनिटं उभ्यानेच वाचत होते. मग त्यांनी तिला विचारलं, आपल्या दुकानाची लिहशील का?

हिशेब दिवस झाला की वह्या परत देऊ नका, झेरॉक्स काढून मुलांना द्या आणि मूळ वह्या विभागाच्या कपाटात ठेवा. माझ्याकडे आता एक पूर्ण कप्पा भरलाय. नवीन वर्गाला मी पहिल्या आठवड्यातच तो उघडून देते, पणत्यांच्या तोट्याची वही सगळ्यात जास्त हाताळली गेलीय, तिची शिवण उसवलीय, यावर्षी दोऱ्याने परत शिवून घेतली.